पाणी बुवांचं, गडगा बाबलीचा

कीर्तनाच्या गादीवर उभं राहताना माणसाने पायातली वहाण आणि मनातली लबाडी दोन्ही देवळाबाहेर ठेवावी, असं भिकाजीबुवा सांगत. वहाण ठेवणं सोपं. नर्मदाताईंना त्या दुसऱ्या गोष्टीचा पेच पडला तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि तोही इटलीहून आलेल्या एका बाईमुळे.

बाईचं नाव लुचिया. ती आली होती सिनेमा काढायला, आणि सिनेमा होता बाबली धुरींवर. धामापूरच्या तळ्यापलीकडे वाडीच्या तिठ्यावर ज्यांचा अर्धपुतळा आहे, तेच हे बाबली. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या एका पुलावर ते एकटे मशीनगन धरून बसले. मागची सगळी तुकडी नदीपार सुखरूप गेली, आणि बाबली तिथेच राहिले, कायमचे. देशाने त्यांचं टपालाचं तिकीट काढलं, शाळेच्या पुस्तकात धडा आला, दर पंधरा ऑगस्टला पुतळ्याला हार पडू लागला. सिनेमा मात्र आपल्याकडे कुणाला सुचला नाही. तो सुचला त्या पुलाजवळच्या गावाला.

कंपनी म्हणावी तर तीन माणसांची. एक कॅमेऱ्याचा, एक आवाजाचा, आणि लुचिया. ती दिग्दर्शकही होती आणि शिपायांच्या वर्दीला इस्त्रीही तीच करायची. लढाईचा भाग त्यांनी, बाबलींना पाठमोरं दाखवून, आपल्या गावात उरकून आणला होता. त्यात इंग्रज कॅप्टन झाला होता गावचा पाववाला. बालपण आणि घर सोडण्याचा भाग तेवढा इकडे काढायचा होता. लोखंडी टोप होते सहा. पलटण निघाली दाखवायची तर सहा शिपाई काजूच्या झाडामागे जायचे, धावत वळसा घालून पुन्हा पुढून यायचे. सगळी वाडी ते बघायला कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला बसलेली असे. चौथ्या फेरीला कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्यो मघाशी पण गेल्लो."

बाबलींचं काम गुरुप्रसादकडे होतं. तो दशावतारात राजा होतो. त्याला साधं बोलताच येत नसे. आईचा निरोप घेताना तो असा गरजला की आवाजाच्या माणसाने कानावरचं यंत्र काढून ठेवलं.

"युद्धाक चाललो तो, यज्ञाक न्हय," सावित्रीकाकी पडवीतून म्हणाल्या. "हळू बोल रे. माझो बापूस असो बोंबलत गेलो आसतो तर आवशीन जावकच दिल्यान नसता."

सावित्रीकाकी म्हणजे बाबलींची मुलगी. वय एक्याऐंशी. बाबली शेवटचे रजेवर येऊन गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती. बाप तिने फोटोत पाहिला, तिकिटावर पाहिला आणि पुतळ्यात पाहिला. पण विचाराल तर ती सांगेल की खरा बाप तिला भेटला तो भगवतीच्या देवळात, भिकाजीबुवांच्या कीर्तनात.

ते आख्यान या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नाही. पूर्वरंगात बुवा त्या संतांची गोष्ट घ्यायचे, ज्यांनी देवासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. मग मध्यंतराचा अभंग, बुक्का, हार. आणि उत्तररंगात बाबली धुरी. पूल. बर्फासारखा वारा. छातीत गोळी. कमरेच्या बाटलीत एक घोट पाणी. इतक्यात पलीकडे पडलेला शत्रूचा शिपाई कण्हतो. बाबली सरपटत जातात, आणि तो घोट त्याच्या ओठांना लावतात. इथे बुवा थांबायचे. झांजही थांबायची. देवळात पाकोळी फडफडली तरी ऐकू येई. मग बुवा हळूच म्हणायचे, "गंगा खंय पावली?" आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

बुवा गेल्यावर आख्यान त्यांच्या लेकीकडे, नर्मदाताईंकडे आलं. कणकवलीला शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या, नऊवारी नेसून गादीवर उभ्या राहिल्या, आणि दर नवरात्रात बाबलींचं पाणी त्यांनी तसंच पाजलं. सावित्रीकाकी खांबाला टेकून ऐकायच्या. दसऱ्याला बापाच्या फोटोखाली त्या पाण्याचा तांब्या ठेवतात, तोही त्या घोटापायीच.

आता त्या वर्षी झालं असं, की सावित्रीकाकींची नात संचिता, जी कणकवलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि लुचियाची दुभाषी झाली होती, तिने नर्मदाताईंच्या कीर्तनाची ध्वनिफीत इंग्रजीत करून इटलीला पाठवली होती. लुचियाने ती ऐकली आणि सगळा सिनेमाच त्या घोटाभोवती रचला. नवरात्रातलं कीर्तन चित्रित करायचं, त्यावरूनच सिनेमा सुरू करायचा, आणि शेवट करायचा तो पुलावरच्या पाण्याने.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघी नर्मदाताईंच्या घरी आल्या. ताईंनी कोकमाचं सरबत दिलं. लुचियाने ते घटाघटा पिऊन ग्लास पुन्हा पुढे केला, तेव्हाच ती ताईंना आवडली.

"ताई, तिला एकच विचारायचंय," संचिता म्हणाली. "सिनेमाच्या शेवटी अक्षरं येणार, की हा प्रसंग खरा आहे. त्यासाठी तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की बुवांना हे कोणी सांगितलं. पलटणीतला एखादा सोबती असेल ना?"

नर्मदाताई पदराने हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"उद्या सांगतंय गो," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर ताईंनी देवघराखालच्या फळीवरून बुवांचं बाड काढलं. बाड म्हणजे कीर्तनकाराची हाताने लिहिलेली लांबट वही. तिच्यात आख्यानं, पदं, दृष्टांत सगळं असतं. बुवांची एक शिस्त होती. प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून आली ते बारीक अक्षरात लिहायचं. "अमक्या पोथीतून." "मठात ऐकले." "मामांकडून." पुलाची हकिगत होती तिथे लिहिलं होतं, "सरकारी पत्र, दुर्गाबाईंकडे पाहिले." दुर्गाबाई म्हणजे बाबलींची बायको. आणि पाण्याच्या घोटापुढे तीनच शब्द होते. "हे माझे आहे."

ताईंना ते आज कळलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी बाड उतरवून घेताना त्यांनी ते वाचलं होतं आणि बापाला विचारलंही होतं. बुवा तेव्हा मृदंगाला कणीक लावत बसले होते.

"पैल्यांदा सांगलंय तेव्हा दुर्गा खांबाकडे बसली होती," ते म्हणाले. "सरकारी पत्रात लिवलेला, चाळीस मारले. ता मी वाचून दाखवलंय तर बाईचा तोंड कसा झाला माहीत आसा? घोव गेलो तो गेलो, वर चाळीस मढ्यांचो भार तिच्या खांद्यार. मगे माका रवला नाय. तोंडातसून ही पाण्याची गजाल इली."

"पण ता घडला नाय ना, बाबा?"

"दृष्टांत म्हणजे दिवो गो. उजेड पडलो म्हणजे झाला. वात खंयची ता कोण बघता?"

तेव्हा ताईंना ते पटलं होतं. अजूनही अर्धं पटत होतं. देवळात बसलेला माणूस दृष्टांत म्हणजे काय ते जाणतो. भक्तीने ऐकतो, डोळे पुसतो, घरी जातो. पण सिनेमाखाली अक्षरं येणार होती. ती अक्षरं परदेशात जाणार, तिथून कुठे कुठे जाणार, आणि उद्या शाळेच्या पुस्तकातही येणार. दिव्याला कोणीतरी सूर्य म्हणायला निघालं होतं, आणि त्यावर सही मागितली जात होती ती भिकाजीबुवांच्या लेकीची.

पेटीवर साथ करणारा मंगेश दुपारी सूर जुळवायला आला. ताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ भाता नुसताच मागेपुढे करत राहिला.

"ताई, देवाच्या दारात बोललेला खोटा नसता," तो शेवटी म्हणाला.

"देवाच्या दारात न्हय. कॅमेऱ्यासमोर बोलूचा आसा."

"मगे सांगा, आयकलेला आसा. कोणाकडसून ता आठवना नाय."

"आठवता ना रे. ताच तर."

मंगेशने पेटीचं झाकण लावलं. "बुवांचा नाव जायत," एवढंच म्हणाला. आणि हेच होतं. सत्तर वर्षं ज्या माणसाने या मातीत देव पेरला, त्याला लोक उद्या म्हणणार, बुवांनी रचून सांगितलं. रचलेलं घोटभरच होतं, पण लोक सगळी कावड ओतून टाकणार.

उन्हं कलायला लागली तेव्हा ताई छत्री टेकत सावित्रीकाकींकडे गेल्या. ज्याचं पाणी त्याला आधी विचारावं.

पडवीत सावित्रीकाकी नवरात्राच्या वाती वळत होत्या. शेजारी लुचिया मांडी घालून कापसाशी झटत होती; तिच्या वाती गोगलगायीसारख्या झाल्या होत्या. कंपनी या घरातच उतरली होती. संचिता पेपर तपासत होती.

"काकी, एक सांगूचा आसा," ताई म्हणाल्या आणि खालीच बसल्या. कीर्तनात तासन्‌तास ओघाने बोलणारी बाई, पण चार वाक्यं सांगायला तिला घाम फुटला. पत्र. दुर्गाआजी. बाड. तीन शब्द.

सावित्रीकाकींचे हात थांबले नाहीत. एक वात झाली, दुसरी झाली. संचिताने लुचियाला हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. लुचियाच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"मगे तांब्यो?" सावित्रीकाकी म्हणाल्या.

ताई जमिनीवर सांडलेला कापूस बोटांनी गोळा करत राहिल्या.

"पन्नासच्या वर वर्सां मी तांब्यो ठेवतंय. कोणाक ठेवी होतंय मी? तुझ्या बापाशीच्या गजालीक?"

"काकी..."

"काकी म्हणा नको. माझो बापूस माका एकदाच गावलो, तोय तुमी दिल्लो. आता म्हणतास, आमचो आमका परत दे."

ताईंना वाटलं, उठावं. पण उठून जायचं कुठे? गादी इथेच होती. त्या बसून राहिल्या. अंगणात कोंबडी वाळत घातलेल्या कुळथावर आली, तिला कुणी हाकललं नाही.

बऱ्याच वेळाने सावित्रीकाकींनी वातींचा जुडगा बांधला आणि लुचियाकडे बघून विचारलं, "इचार गो तिका. पुलार बसाच्या आदी तो थंय काय करी? एका दिसात कोण थोडोच पुलार बसता. जेवी खंय? निजा खंय? इतकी वर्सां कोणीच माका ह्या सांगूक नाय."

संचिताने विचारलं. लुचियाने खांदे उडवले आणि थोडी लाजल्यासारखी बोलू लागली. संचिता मागोमाग मराठीत सांगत गेली.

तुकडी पुलाआधी अकरा दिवस त्यांच्या गावात होती. बाबली आणि आणखी दोघे लुचियाच्या आजीच्या गोठ्यात झोपायचे. आजीच्या द्राक्षमळ्याची दगडी भिंत रणगाड्याने पाडली होती. पहिल्याच सकाळी बाबली उठले, पडलेले दगड बघत उभे राहिले, आणि रचायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आजी "नको, नको" म्हणाली, पण भाषा कुणाला येत होती? सोबतचे हसायचे, की उद्या पुन्हा रणगाडा येईल. रोज पहारा संपला की हा माणूस भिंतीवर. अकरा दिवस. बाराव्या दिवशी ते पुलावर गेले, आणि भिंत थोडी राहिली. राहिलेली आजोबांनी घातली.

"ती म्हणते, हे सिनेमात घेतलं नाही," संचिता म्हणाली. "फारच लहान गोष्ट आहे. एक माणूस दगडावर दगड ठेवतोय, हे कोण बघेल?"

"गडगो," सावित्रीकाकी म्हणाल्या. "गडगो घातल्यान तेणा."

चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवून घातलेलं शेताचं कुंपण, तो गडगा. तो ढासळलेला दिसला की इथल्या माणसाचा हात आपोआप खाली जातो, मग तो कुणाचाही असो.

लुचियाने फोनमध्ये फोटो काढून दाखवला. काळपट दगडांची कमरेएवढी भिंत, मागे द्राक्षाचे वेल. ती बोट ठेवून सांगत होती, इथवर त्यांनी घातलेली, इथून पुढे आजोबांची. आजोबांची दर चार-पाच वर्षांनी ढासळते. ही कधीच नाही. आणि हे तीन दगड बाहेर आलेले का ठेवलेत ते मात्र आमच्याकडे कुणाला कळलं नाही.

सावित्रीकाकींनी फोन डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. मग काठी न घेताच उठल्या आणि मागच्या दाराने परसात गेल्या. सगळ्या पाठोपाठ.

परसाच्या टोकाला, माडांच्या मुळाशी जुना गडगा होता, शेवाळाने हिरवा झालेला. बाबली रजेवर आले होते तेव्हा घातलेला. गाभण म्हशीसारखी फुगलेली बायको वळसा घालून विहिरीवर जायची, म्हणून त्यांनी त्याच्यात तीन लांब दगड आरपार घालून टोकं बाहेर ठेवली होती. एकावर एक, तिरकी, पायरीसारखी. चढा आणि पलीकडे उतरा.

सावित्रीकाकींनी वरच्या दगडावर तळवा ठेवला. त्या रडल्या नाहीत. काही वेळाने लुचियाला म्हणाल्या, "तुझ्या आजयेकय दिवस गेल्ले?"

संचिताने विचारलं. लुचियाने मान हलवली, हो. तिची आई पोटात होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊळ भरलं होतं. सिनेमा म्हणून एरवी न येणारेही आले होते, केसांना पाणी लावून. कॅमेरा खांबाआड होता. नर्मदाताईंनी भगवतीला, गादीला आणि बाडाला नमस्कार केला. नमन झालं, पूर्वरंग झाला, गाढव गंगा प्यालं. मध्यंतरात मंगेशने अभंग धरला. पुजाऱ्यांनी बुक्का लावून हार घातला, आणि ताईंना वाटलं, हा हार उत्तररंग ऐकल्यावर घातला असता का?

त्या पुलावर आल्या. वारा आला, गोळी आली, बाटली आली. लोकांनी पदर हाताशी घेतले.

"आता इथे माझे वडील पाणी पाजायचे," त्या म्हणाल्या. आवाज कीर्तनाचा नव्हता, घरातला होता. "ते पाणी बाबलींनी पाजलं की नाही, देव जाणे. माझ्या वडिलांनी मात्र पाजलं. एका बाईच्या डोळ्यांत तहान बघितली म्हणून पाजलं, आणि बाडात लिहून ठेवलं, हे माझे आहे. मी त्यांची लेक. ते लिहिलेलं मी आजवर वाचून दाखवलं नाही. चूक असेल ती माझी, त्यांची नाही."

पेटीचा सूर क्षणभर तुटला. कुणीतरी "हां?" असं म्हणालं. मागे कुजबूज झाली. ताईंनी चिपळ्या वाजवल्या नाहीत. कुजबूज संपू दिली.

"बाबलींनी काय केलं ते आता सांगतंय," त्या म्हणाल्या, आणि गादीवरची भाषा सोडून मालवणीतच शिरल्या. "एका परक्या बाईचो गडगो पडल्लो..."

ते आख्यान तयार नव्हतं. त्याला पद नव्हतं, साकी नव्हती, कुठे झांज थांबवायची ते ठरलं नव्हतं. दोनदा ताई अडखळल्या. पण दगड कसा हातात फिरवून त्याची बाजू बघायची, मोठ्याखाली चीप, म्हणजे दगडाची पातळ कपची, कशी सारायची, हे त्या सांगायला लागल्या तेव्हा समोर बसलेल्या शेतकऱ्यांचे हात मांडीवर नकळत हलत होते. तीन दगडांपाशी त्या आल्या तेव्हा बायकांकडून आवाज आला नाही. पदरही डोळ्यांना लागले नाहीत. सगळ्या सावित्रीकाकींकडे बघत होत्या.

आरती झाली. कीर्तन संपल्यावर कीर्तनकाराच्या पाया पडायची रीत आहे. त्या घटकेला तो नारद असतो, वय बघत नाहीत. त्या दिवशी ओळ तोकडी होती. एक म्हातारे जाता जाता म्हणाले, "पाणी पाजलेला बरा होता." काही नुसतेच देवीला हात जोडून निघाले. ताई उभ्या राहिल्या.

सावित्रीकाकी संचिताच्या हाताला धरून आल्या आणि वाकल्या. ताईंनी त्यांना अर्ध्यात धरलं.

"तांब्यो मी ठेवतलंय," सावित्रीकाकी म्हणाल्या. "दगड उचलून माणूस तानेलता. तेका होया पाणी."

सिनेमा पुढल्या वर्षी मे महिन्यात आला. कणकवलीला एका सभागृहात पडदा बांधून दाखवला. लुचियाने कीर्तन जसंच्या तसं ठेवलं होतं, पेटी तुटली तेही. पाण्याचा प्रसंग नव्हता, आणि शेवटी अक्षरंही नव्हती. लढाई मिनिटभरात संपली. सहा टोप ते, किती पुरणार? बाकी बराच वेळ गुरुप्रसाद त्या द्राक्षमळ्यात दगड रचत होता. तेवढ्यासाठी त्याला इटलीला नेलं होतं. तिथे गरजून सांगायला त्याला एकही वाक्य दिलेलं नव्हतं, त्यामुळे तो पहिल्यांदाच माणसासारखा दिसत होता.

लोक चुळबुळायला लागले. "युद्ध खंय आसा?" मागून कुणी विचारलं. "ह्यो गडगोच घालता नुसतो."

नर्मदाताई पडद्याकडे बघत होत्या. सकाळी त्यांनी बाड काढून बापाच्या तीन शब्दांखाली गडग्याची हकिगत लिहिली होती आणि पुढे बारीक अक्षरात, "लुचियाच्या आजीकडून."

शेजारी सावित्रीकाकी खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. पडद्यावर बापाने एक दगड उचलला, ठेवला, आणि दुसरा घ्यायला वळला.

"खालची चीप सारूक नाय तेणा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "पडतलो तो गडगो. सांगा रे तेका कोणीतरी."